नऊशे फुटांखालचा सतरा नंबर

प्रयोगवही लिहिण्याच्या बाबतीत मी खडूस आहे. हातमोज्यांचा नवा खोका कुठल्या दिवशी फोडला, हेसुद्धा माझ्या वहीत सापडतं. माझ्याकडे शिकलेल्या मुली कुठे भेटल्या की अजून यावरून माझी टिंगल करतात आणि मी ती करून घेते. त्यांना एक गोष्ट माहीत नाही. ज्या दिवशी लिहायलाच हवं होतं, त्या दिवशी मी एक ओळ लिहिली नाही. विसरले नव्हते. लाजले होते.

दोन हजारचं दशक संपून थोडीच वर्षं झाली होती. मी नवीन पनवेलला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. समोरच्या दारावर पितळी गणपती होता. आतली माणसं सकाळी सातला मुंबईकडे जायची आणि संध्याकाळी परत आली की दार लावून घ्यायची. मीही तेच करत होते, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वडील गेले होते. आई भावाकडे बंगळूरला होती, आणि फोनवर तिला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसायचं. शनिवारी दुपारी लॅबमधून निघाले की सोमवारी सकाळी तिथल्या वॉचमनला 'नमस्कार काका' म्हणेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि तो निघताना घशात अडकायचा. रविवारी बाजारात जाऊन मी नको असलेली भाजी घ्यायचे, कोणीतरी 'अजून काय देऊ ताई' म्हणावं म्हणून. ती भाजी पुढे फ्रीजमध्ये सडायची. या सगळ्याला मी शिस्तीचं आयुष्य म्हणत असे.

काम होतं जमिनीखाली खूप खोल असलेल्या पाण्यातल्या बॅक्टेरियांचं. लोकांना वाटतं बॅक्टेरिया म्हणजे कुठेही पसरणारी चीज. खरं म्हणजे त्यातले बहुतेक फार मानी असतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत तुम्ही त्यांना साखर द्या, मांसाचा अर्क द्या, ऊब द्या, ते वाढत नाहीत. खोल पाण्यातले तर नाहीच. मग त्यांना ओळखायचं कसं? पाणी बारीक चकतीतून गाळायचं, चकतीवर जे काही अडकेल त्याचा डीएनए काढायचा, तो वाचून घ्यायचा आणि त्या वाचलेल्या तुकड्यांतून एकेकाचा अख्खा जीनोम जुळवायचा. म्हणजे ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याला वाढवता आलं नाही, त्याची फक्त कुंडली हातात येते.

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना मी इथे सरच म्हणेन, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले गृहस्थ होते. सह्याद्रीच्या काळ्या दगडाखाली, भेगांमधून साठलेल्या जुन्या पाण्यात कोण राहतं, हे त्यांना निवृत्तीपूर्वी सांगायचं होतं. मला ते सांगून कायमची नोकरी मिळवायची होती. दोघांचीही गरज खरी होती.

पाणी मिळेना. बोअर मारणाऱ्यांना आम्ही सांगायचो, बोअर उघडेल त्या दिवशी कोणी हात लावायच्या आत आम्हाला पाणी हवं. ते हसायचे. बोअरमालक तर दारात उभंच करायचे नाहीत. पाणी तपासायला आली म्हणजे ही सरकारी बाई, उद्या बोअर बंद करेल, असा त्यांचा हिशेब. शेवटी उलव्याच्या अलीकडच्या एका गावात एक बाई भेटली. पन्नाशी उलटलेली, आगरी, नवरा वारलेला. हिरव्या लुगड्याचा काचा मारून ती ड्रिलिंगच्या गाडीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. उलव्याला इमारती उठत होत्या, त्यांना टँकरने पाणी पुरवायचं म्हणून तिने नऊशे फूट बोअर मारायला घेतली होती. मी माझं नेहमीचं भाषण केलं. तिने ते पूर्ण ऐकलं, आणि असं ऐकणारी ती पहिलीच.

"म्हंजे पान्यात कोन ऱ्हातं ता तुना बगायचाय?" तिने विचारलं.

"हो."

"मंग बग की. त्यात लोकांना कनाचा राग?"

मी तिला मावशी म्हणू लागले. ती मला पहिल्या दिवसापासून बाय म्हणायची.

बोअर पूर्ण झाली त्या दिवशी मी भाड्याचा टेम्पो घेऊन गेले. सगळं सामान लॅबमधून वाफवून, फॉइलमध्ये गुंडाळून आणलेलं. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, हातात मोजे. मोटर खाली सोडण्यापूर्वी मी तिचा पाइप स्पिरिटने स्वतः पुसला. मिस्त्री शिंकला तेव्हा त्याला दहा पावलं लांब उभं केलं. गावातली चार माणसं जमली होती आणि मी त्यांच्यात एखाद्या नर्सबाईसारखी गुरगुरत फिरत होते.

मोटर खाली गेली. तोंडावर झाकण बसवायच्या आधी मावशी पुढे झाली. तिने पाइपाला हळदकुंकू लावलं. ते बाहेरच्या बाजूला होतं, म्हणून मी चालू दिलं. मग पाइपावरच नारळ फोडला आणि त्याचं पाणी बोअरमध्ये सोडलं.  आणि मग तिने मागे हात केला, तिच्या जावेने तांब्या पुढे केला, आणि तिने तो तांब्या दोन्ही हातांनी धरून सावकाश बोअरमध्ये ओतला.

"हे काय होतं, मावशी?"

"बावीचं पानी." गावातल्या जुन्या विहिरीला ते बाव म्हणायचे. "नवीन पान्याला जुन्या पान्याची वळख नको? न्हायतर ता ऱ्हात नाय. निंगून जातं."

हा रिवाज गावाचा होता की तिच्या एकटीच्या घराण्याचा, मला आजही माहीत नाही. दुसऱ्या कोणाकडे तो मी पाहिला नाही. झाकण बसलं. विजेचं कनेक्शन यायला अजून दहा दिवस होते, म्हणजे पाणी त्या दिवशी मिळणारच नव्हतं. निघताना तिने मला विचारलं, "तुज्या गावची बाव कंची गो?" मी सांगितलं की माझे वडील बदलीच्या नोकरीत होते, दर तीन वर्षांनी नवं गाव, सगळीकडे क्वार्टर आणि सगळीकडे नळ. "म्हंजे पनवेलला आलीस तवा कोनीच काय वतलं नाय?" मी हसले. तीही हसली, पण तिने प्रश्न गमतीत विचारला नव्हता.

दहा दिवसांनी मोटर सुरू झाली. अशा वेळी सहा तास पाणी नुसतं वाहून घालवायचं असतं, बोअरमध्ये साचलेलं निघून जावं आणि दगडातलं ताजं यावं म्हणून. दीड तासाने लोडशेडिंग झालं. टेम्पोवाला घड्याळ बघत होता. वीज परत आली तेव्हा दोन वाजले होते आणि मी अजून अर्धा तास वाट पाहून पाणी भरून घेतलं. ते नळीने चकतीतून गाळत बसले, चार वाजेपर्यंत. वहीत मी सगळं लिहिलं. तापमान लिहिलं, लोडशेडिंग लिहिलं, किती वेळ पाणी सोडलं तेही. तांब्याचं लिहिलं नाही. कसं लिहिणार होते? 'यजमानीण बाईंनी जुन्या पाण्याशी नव्या पाण्याची ओळख करून दिली'? सर ती वही वाचणार होते. माझ्या मास्कसमोर, टोपीसमोर ती गोष्ट घडली होती आणि मी मूग गिळून उभी राहिले होते. शिवाय मावशीला वाईट वाटेल असं काही मला करायचं नव्हतं. त्या वर्षी मला माझ्याबद्दल प्रश्न विचारणारी ती एकटी होती. आणि नऊशे फुटांपुढे एक तांब्या तो काय? मी लिहिलं, 'सर्व काळजी घेऊन नमुना घेतला.'

डीएनए दुसऱ्या शहरात वाचायला पाठवला. काही महिन्यांनी एक हार्डडिस्क कुरिअरने आली, तळहाताएवढी. पुढची अडीच वर्षं मी तिच्यात राहिले.

जीनोम जुळवणं म्हणजे काय, हे मी भावाच्या बायकोला एकदा असं सांगितलं होतं. शंभर लग्नपत्रिका घे, प्रत्येकीच्या हजार प्रती. सगळ्या बारीक फाड, एकत्र कालव आणि मग त्यातून प्रत्येक लग्न वेगळं काढ. गंमत अशी की सगळ्या पत्रिकांवर 'श्री गजानन प्रसन्न' असतंच, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असतंच, त्यामुळे कुठला तुकडा कोणाचा हे तिथेच चुकतं. एकाच्या मुलीचं दुसऱ्याच्या मुलाशी लागून जातं. वहिनी म्हणाली, "तुझं कधी?" मी विषय बदलला.

बहुतेक ढिगाऱ्यातून अर्धेमुर्धे जीनोम निघाले. कोणाचं डोकं होतं, कोणाचे पाय. त्यात सतरा नंबरचा गठ्ठा मात्र वेगळा निघाला. आकडा वगळता त्याला नाव नव्हतं. तो जवळजवळ पूर्ण होता. जगातल्या कुठल्याच माहीत असलेल्या बॅक्टेरियाशी त्याचं जवळचं नातं जुळत नव्हतं. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून पडदा बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, हे तर नवीनच घराणं आहे." त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने मला चहा आणून दिला.

सतरा नंबरला मी कधी पाहिलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हजारो ठिपके असतात, त्यातला हा कोणता, हे सांगता येत नाही. पण मला त्याचं बरंच काही माहीत होतं. त्याला शेपूट होतं, म्हणजे तो हलत असे. त्याला किमान पाच जीवनसत्त्वं आणि काही अमिनो आम्लं स्वतःला बनवता येत नव्हती. ती त्याला शेजाऱ्यांकडून घ्यावी लागत. म्हणूनच तो माझ्या ताटलीत एकटा वाढला नसता. यावरून मी हळवं काही लिहिणार नाही. पण एवढं सांगते की रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की मी त्याला 'काय म्हणतोस' असं विचारत असे, मोठ्याने, आणि एकदा सफाईच्या बाईंनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "कोणाशी बोलताय मॅडम?" मी सांगितलं फोनवर. फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स कपाटात होती.

पेपर लिहून होत आला. नऊशे फुटांखाली, काळ्या दगडात, हजारो वर्षं उजेडाशिवाय राहणारा एक जीव: असा त्याचा थाट होता. सर तो प्रसिद्ध होण्याच्या भरवशावर मला संस्थेत कायम करण्यासाठी पत्र लिहिणार होते. शेवटचं काम म्हणून मी सतरा नंबरच्या सगळ्या जनुकांची यादी ओळीने वाचायला घेतली. बाकीचे लोक ही यादी चाळतात. मी वाचते, हा माझा स्वभाव.

तिसऱ्या दिवशी एका ओळीवर थांबले. सूर्यप्रकाशाने डीएनएला इजा होते, ती दुरुस्त करणारं एक एन्झाइम असतं. ते उजेडावरच चालतं. उन्हात राहणाऱ्यांना ते लागतं. ते जनुक सतरा नंबरकडे होतं, मोडकं नाही, धडधाकट.

ज्याला कधी ऊन लागलं नाही, त्याला उन्हावरचा इलाज कशाला हवा?

सरांनी यादी पाहिली आणि चष्मा पुसला. "पूर्वजांचं राहिलं असेल," ते म्हणाले. "आपल्यात नाही का, ॲपेंडिक्स." असं होऊ शकतं. अशी उदाहरणं आहेत आणि मला ती माहीत होती. मी "हो सर" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. वापर नसेल तर जनुक गंजतं, त्यात चुका साठतात. हे गंजलं नव्हतं. आणि त्याच क्षणी, इतक्या वर्षांनी, मला तो तांब्या दिसला. उघड्या आकाशाखालची बाव. दुपारी बाराला जिच्या तळापर्यंत ऊन जातं अशी. तांब्याभर पाणी, वरून नारळाचं पाणी म्हणजे जेवणाचीही सोय, आणि दहा दिवसांचा निवांत मुक्काम. तांब्यातल्यांचे दहा दिवसांत किती होतात, याचं गणित मी बीएस्सीच्या मुलांना फळ्यावर सोडवून दाखवलं होतं.

बावीचं पाणी हवंय म्हणून मावशीला फोन केला. ती म्हणाली, "लवकर ये गो. बाव बुजवतंत."

गाव विमानतळाच्या जागेत गेलं होतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. गेले तेव्हा अर्धी घरं उतरवलेली होती. कौलं रचून ठेवलेली, दारं चौकटींसकट टेम्पोत उभी. मावशीची टँकरची बोअर कधीच बंद झाली होती. बावीजवळ मुरुमाने भरलेला डंपर उभा होता आणि मावशी त्याच्यासमोर उभी होती, त्याच काच्यात. "पाच मिन्टं थांब रं बाबा, माजी पोर येतंय," असं ती ड्रायव्हरला मघापासून सांगत होती, हे मला ड्रायव्हरनेच वैतागून सांगितलं.

पाण्यात पाला पडला होता. तिने स्वतः पोहरा सोडला. मी पाच-पाच लिटरचे दोन डबे भरले. मला तिचा राग आलेला होता, हे लपवण्यात काही हशील नाही. येताना रिक्षात मी मनातल्या मनात तिच्याशी भांडतच आले होते: माझी एवढी वर्षं तुमच्या एका तांब्याने खाल्ली. पण ती दोर ओढत होती, तिच्या मागे तिच्या घराचं छप्पर उतरलेलं होतं, आणि मी नुसते डबे धरत राहिले. डबे बंद करून मी बाजूला झाले तेव्हा तिने डंपरवाल्याला हात केला. पहिला मुरूम पडताना ती तिथे थांबली नाही. मी थांबले, का ते माहीत नाही.

एक डबा मी गाळून तपासला. फक्त सतरा नंबरमध्येच असणारा डीएनएचा एक छोटा तुकडा शोधायची चाचणी केली. जेलवर, म्हणजे डीएनए उमटतो त्या पातळ थरावर, रेघ आली: तो होता. पुन्हा केली, पुन्हा आली. जपून ठेवलेल्या बोअरच्या पाण्यातल्या रेघेच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर, आणि तिच्यापेक्षा ठळक.

तो नऊशे फुटांवरचा नव्हता. वीस फुटांवरचा होता.

सरांना जेलचा फोटो दाखवला आणि तांब्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग विचारलं, "वहीत आहे हे?"

"नाही."

"मग झालं की." त्यांनी फोटो माझ्याकडे सरकवला. "बावीत खालचं पाणी झिरपून वर येत असेल. उलटंही असू शकतं ना? आणि ती विहीर आता आहे कुठे? कोण तपासणार?"

ते वाईट गृहस्थ नव्हते. थकले होते, आणि माझंही भलं बघत होते. नोकरीचं पत्र त्यांच्या टेबलावर टाइप करून तयार होतं. मला माझं नाव उलट्या बाजूने वाचता येत होतं. मला ते पत्र हवं होतं. किती हवं होतं ते सांगू? त्या पत्रानंतर मी स्वतःचं एक घर घेणार होते, भिंतीत खिळा ठोकायला कोणाची परवानगी लागणार नाही असं. मी म्हणाले विचार करते, आणि जागेवर येऊन जुनी वही काढली. नमुना घेतला त्या दिवसाच्या पानाखाली जागा होती. मी आजची तारीख घातली आणि लिहिलं: 'बोअर बंद करण्यापूर्वी मालकिणीने जुन्या विहिरीचे पाणी, एक तांब्या, व नारळाचे पाणी आत ओतले. मी समक्ष पाहिले. तेव्हा लिहिले नाही.' खाली सही केली. मग ती वही सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पेपर गेला नाही. पुढच्या मार्चमध्ये माझा करार संपला आणि मी पनवेलमधल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. सर समोर आले की मान डोलवायचे. सतरा नंबर हार्डडिस्कमध्ये राहिला. विहिरीतल्या एका अनोळखी बॅक्टेरियासाठी कोणी कार्यक्रम ठेवत नाही.

निघताना मी लॅबच्या थंड खोलीतून दुसरा डबा तेवढा उचलला. न उघडलेला, माझ्या अक्षरातलं लेबल लावलेला. तिथे तो कोणीतरी मोरीत ओतला असता.

काही महिन्यांनी मावशीचा फोन आला. नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला होता, घर उभं राहिलं होतं आणि वापराच्या पाण्यासाठी दारात छोटी बोअर मारली होती. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "सगला झाला गो. पन बावीचं पानी कुठनं आनू? आमच्यातल्या कोनाकरं नाय. कोनाच्या ध्यानातच ऱ्हायला नाय."  

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

रविवार होता. मी डबा मांडीवर घेऊन रिक्षाने गेले. त्या पाण्यात सतरा नंबर अजून जिवंत आहे का, हे मी तपासलं नाही. तपासायला आता लॅबही नव्हती. घर नवं, गुलाबी रंगाचं, पायरीवर अजून सिमेंटचा वास. मावशी थकलेली दिसली. मला आत बसवून तिने आधी जेवायला वाढलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. मग विचारलं, "माज्या त्या बोरीत काय गावला ता सांगलासच नाय कधी."

मी तिला सांगितलं. चिडून नाही, आता चिडायला काही उरलं नव्हतं. सांगितलं की नऊशे फुटांखाली मला एकजण सापडला, मी अडीच वर्षं त्याच्यामागे होते, आणि शेवटी कळलं की तो खालचा नव्हताच, तुमच्या बावीतला होता. तुमच्या तांब्यातून गेलेला.

मला वाटलं होतं तिला अपराधी वाटेल. तिने भाकरी ताटात ठेवली आणि तिचा चेहरा उजळला.

"म्हंजे पोचला!" ती म्हणाली. "ऱ्हायला थितं! मी बोललेली ना, वळख झाली म्हंजे ऱ्हातं." जावेला हाक मारून तिने हे पुन्हा सांगायला लावलं.

माझं एवढं संशोधन होतं आणि ते ऐकून खूश झालेलं माणूस हे एकच. मी पुन्हा सांगितलं, या वेळी नीट, शेपटासकट.

बोअरजवळ तांब्या तयार होता. मी डब्याचं सील तोडून तो भरला आणि तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"तू वत," ती म्हणाली. "तुना ठावं हाय त्यात कोन कोन हाय."

मी ओतलं. सावकाश, दोन्ही हातांनी, तिने ओतलं होतं तसंच. पाणी खाली जातानाचा आवाज बराच वेळ आला आणि मला रडू आलं, चारचौघांत, मोठ्याने. मावशीने मला रडू दिलं. पदराने माझं तोंड पुसलं आणि वर झाकण बसवून घेतलं.

डब्यात बरंच पाणी उरलं होतं. मी तो तिथेच ठेवत होते. तिने झाकण घट्ट लावून माझ्या हातात परत दिला.

"ता तुजा. तुज्या घराला वत."

"मावशी, माझं घर भाड्याचं आहे. तिसरा मजला. कुठे ओतणार?"

"मंग व्हईल तवा वत. तवर ठेव."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून पनवेललाच आहे. भाड्याची घरं तीनदा बदलली. दर वेळी सामानाच्या टेम्पोत सगळं चढवून झालं की मी फ्रीज उघडते, तळाच्या कप्प्यातला डबा काढते आणि तो मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसते. लेबलावरची शाई पुसट झाली आहे. दोनदा मी ती गिरवली.